चार रात्री, पाच दिवस

मुंबईच्या उपनगरांत पहिल्या परदेश सहलीचे माप जवळजवळ ठरलेले आहे: चार रात्री, पाच दिवस. रात्री आधी मोजायच्या आणि दिवस मागून, ही टूर कंपन्यांची रीत, कारण हॉटेलचे भाडे रात्रीवर लागते. आता ती घरांतही रुळली आहे. महाबळेश्वरला जाणारा माणूस 'तीन दिवस जाऊन येतो' म्हणतो. तोच दुबईला निघाला की आधी रात्री सांगतो. या पाचांतला पहिला दिवस विमानतळावर आणि शेवटचा सामान बांधण्यात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी मापाविषयी तक्रार नसते. याहून जास्त रजा ऑफिस देत नाही, कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला किती दिवस सांगणार हाही प्रश्न असतो, आणि सासूबाईंना डोंबिवलीच्या नणंदेकडे ठेवायचे तर तेही चार-पाच दिवसच बरे दिसते. घराला फारसे कळू न देता परदेशी जाऊन येण्याइतका हा अवधी आहे. प्रश्न उरतो कुठे जायचे एवढाच, आणि तो सुटायला या अवधीच्या कितीतरी पट काळ जातो.

भूगोलाने परदेश या उपनगरांच्या उंबऱ्यावर आणून ठेवला आहे. मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सहारला, म्हणजे अंधेरी पूर्वेत. घाटकोपरच्या असल्फा भागात किंवा कुर्ल्याच्या जरीमरीत उभे राहिले, की उतरायला आलेले विमान चाके बाहेर काढून डोक्यावरून जाते आणि शेपटावरचे चित्र नुसत्या डोळ्यांना दिसते. तिथली मुले विमान कोणत्या कंपनीचे हे गाडीच्या नंबराइतक्या सहज सांगतात. जुहूचे नाते त्याहून जुने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन निघाले ते जुहूच्या धावपट्टीवर उतरले. ती कराची तेव्हा परदेश नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान मुंबईहून लंडनला गेले. इतके सगळे अंगणात घडूनही उपनगरातल्या बहुतेक घरांचा विमानतळाशी संबंध कित्येक वर्षे पोचवण्या-आणण्यापुरताच राहिला. एक जण अमेरिकेला निघे आणि दहा जण दोन गाड्या करून सहारला जात. दारावरचा पोलीस तिकीट पाही आणि नऊ-दहा जण काचेपाशी थांबत. पहिल्या परदेश सहलीला निघणारा माणूस बहुधा या काचेबाहेरच्यांपैकीच असतो.

परदेशी जायला मराठी मध्यमवर्गाला पूर्वी कारण लागे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या, त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला. पुढच्या शंभर वर्षांत कारणे बदलली, पण कारणाशिवाय कुणी गेले नाही: शिक्षण, नोकरी, शिष्यवृत्ती, लेकीचे बाळंतपण. पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडेही इंग्लंडला गेले ते बीबीसीत प्रशिक्षण घ्यायला. त्यातून 'अपूर्वाई' आले. नंतरचे 'पूर्वरंग' आग्नेय आशिया आणि जपानकडच्या प्रवासाचे. उपनगरांतल्या घराघरांत 'अपूर्वाई' वाचले गेले आणि लंडन-पॅरिसची ओढ त्यातून लागली, पण ती पिढी किंवा तिची मुले स्वतःच्या पैशाने प्रथम बाहेर पडली तेव्हा गेली ती बहुतेक 'पूर्वरंग'च्या दिशेला. ओढ पश्चिमेची आणि तिकीट पूर्वेचे, हा पेच अजून पुरता सुटलेला नाही.

नुसते बघायला जाण्याची मुभा पैशाच्या बाजूनेही उशिरा मिळाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी जाणाऱ्याच्या हाती अवघे आठ डॉलर दिले जात; उरलेले पाहुणचार करणाऱ्याच्या भरवशावर. म्हणजे तिथे कुणी आपला माणूस असल्याशिवाय जाणेच शक्य नव्हते, आणि 'परदेशात आपले कोण आहे' हा प्रश्न त्या काळापासून आजपर्यंत तसाच टिकला आहे, डॉलरची अडचण संपली तरी. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची सवलत दिली. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. बोरिवलीच्या निवृत्त शिक्षकाला अडीच लाख डॉलरचे काय करायचे हा भाग वेगळा, पण दार उघडे आहे हे त्यालाही कळले.

दरम्यान दुसरे एक दार मराठीत उघडले होते. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. २०१३ मध्ये वीणा पाटील यांची वीणा वर्ल्ड आली. या आणि अशा कंपन्यांनी केलेले मोठे काम स्वस्त तिकिटांचे नव्हते. इमिग्रेशनच्या खिडकीशी काय बोलायचे, न्याहारीच्या टेबलावर कशात अंडे आहे, फिरता पट्टा थांबला आणि बॅग आलीच नाही तर कुणाला सांगायचे, या शंका मराठीत विचारता येतील असा माणूस त्यांनी बरोबर दिला. त्याला टूर मॅनेजर म्हणतात. तो बसमध्ये शिरताना माथी मोजतो, उशीर करणाऱ्या जोडप्याला गोड शब्दांत टोचतो, आणि तिसऱ्या दिवशी सगळे वरणभाताच्या आठवणीने हळवे झाले की नेमका चिवडा वाटतो.

म्हणून पहिला निर्णय गावाचा नसतो, सोबतीचा असतो. ग्रुपबरोबर की आपले आपण? रविवारच्या पुरवणीतल्या पानभर जाहिराती ग्रुपच्या बाजूने बोलतात, घरातला पंचविशीचा मुलगा विरुद्ध बाजूने. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मरोळच्या एखाद्या ऑफिसात काम करणारा हा मुलगा रात्री दीड वाजता मोबाइलवर भाडी बघतो, पंधरा मिनिटांत व्हिएतनाम आणि बाली यांची तुलना करतो, आणि 'सहा वाजता उठवून बसमध्ये कोंबणार असतील तर मी येत नाही' असे जाहीर करतो. त्याच्या आईला मात्र त्या बसचेच आकर्षण असते. बायकांच्या ग्रुपने इंग्लंडला जाण्याची गोष्ट सांगणारा 'झिम्मा' २०२१ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या बायका उपनगरांतल्या प्रेक्षकांना अनोळखी वाटल्या नाहीत. स्त्रियांच्या खास सहली तोवर रुळल्या होत्या, आणि नवऱ्याने 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत लांबवलेला परदेश कित्येकींनी मैत्रिणींबरोबर आधी उरकला होता.

घाटकोपरला हिशेब आणखी वेगळा. तिथल्या गुजराती आणि जैन ग्रुपबरोबर स्वयंपाकाचा महाराज जातो. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि चौविहार पाळणारे असतील तर जेवण सूर्यास्ताच्या आत. त्यामुळे देश निवडताना सूर्य किती वाजता मावळतो हेही बघितले जाते, जे इतर कुणी बघत नाही. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे बाराही महिने सातच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून दिवसभर फिरूनही उसंत मिळते. डिसेंबरातल्या दुबईत साडेपाचलाच बस परत फिरवावी लागते.

सोबत ठरली की पासपोर्ट. अंधेरी आणि मालाडला पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. तिथे ए, बी, सी अशा तीन खिडक्यांतून कागद पुढे सरकतात. प्रौढ माणसाच्या छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी पंधराशे रुपये आणि मुदत दहा वर्षे. अडते ते फीवर नाही, नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, लग्नात बदललेले पाळण्यातले नाव आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगने. साठीच्या बाईला या तिन्ही जणी म्हणजे आपणच, हे सरकारला पटवून द्यावे लागते. मग पोलीस ठाण्याचा फोन येतो, शेजाऱ्यांना कळते, आणि ते 'कुठे?' असे विचारतात. उत्तर अजून तयार नसते. काही घरांत पासपोर्ट येऊन वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो आणि अखेर कुणीतरी सांगते की मुदत सहा महिन्यांहून कमी उरली तर पुष्कळ देश आत घेत नाहीत. सहलीला खरा वेग अशा वेळी येतो. संपत आलेल्या पासपोर्टाने जितक्या सहली घडवून आणल्या, तितक्या हौसेने घडवल्या असतील असे वाटत नाही.

त्यानंतर भिंतीवरचे कालनिर्णय उतरते. मुलांच्या शाळेमुळे दोनच खिडक्या: दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. गणपतीत जाणे नाही, पितृपक्षात बुकिंग नको असे मोठ्यांचे म्हणणे, मार्चमध्ये परीक्षा आणि कंपनीचे वर्षअखेर. या दोन खिडक्यांत भाडी चढलेली असतात हे एक, आणि हवामान त्यांना जुमानत नाही हे दुसरे. मे महिन्यात मुंबईकराला गारवा हवा असतो, आणि त्याच्या आवाक्यातले देश नेमके तेव्हा तापलेले किंवा भिजलेले असतात. दुबई चाळिशी गाठते. बँकॉकचा मे म्हणजे घामाच्या बाबतीत घाटकोपरचाच मे. फुकेतला पाऊस सुरू होतो, श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरही. बालीत मात्र तेव्हा कोरडा ऋतू असतो, आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली असल्याने हिवाळ्याकडे झुकलेले. दिवाळीत चित्र फिरते: दुबई सुसह्य होते, बँकॉकचा पाऊस ओसरतो, श्रीलंकेत दुपारच्या सरी येऊन जातात, आणि सिंगापूर नेहमीप्रमाणे कधीही भिजवते.

नोकरदार घरांत याच टप्प्यावर एलटीसीची आठवण निघते. रजा प्रवास सवलत देशातल्या प्रवासालाच मिळते, पण मधल्या काळात काही हुशार मंडळींनी वाट काढली होती: गाव देशातलेच दाखवायचे आणि तिथे जायचे-यायचे परदेशातून वळसा घालून. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांचे असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यातला मार्ग दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली असा होता. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की सवलत भारतातून भारतात, जवळच्या मार्गाने केलेल्या प्रवासाची आहे. या वळशाला करमाफी नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ आहे. पण मदुराईहून दिल्लीला परतताना सिंगापूर लागते असा नकाशा ज्याने प्रथम कागदावर काढला, त्याची परदेशाची भूक केवढी असेल, हा विचार मनात येतोच.

आता नावे. यादी सुरू होते नेपाळपासून आणि लगेच तिथून पुढे सरकते, कारण नेपाळ परदेशात धरला जात नाही. भारतीयाला तिथे पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. काशीबरोबर पशुपतिनाथ करून आलेल्या आजी-आजोबांनी तो आधीच यात्रेच्या खात्यात टाकलेला असतो. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करावे लागते, एवढाच परदेश.

श्रीलंकेत तेही करावे लागत नाही. २००६ पासून तिथली वेळ भारताचीच आहे. मुंबईहून कोलंबो अडीच तास, म्हणजे गर्दीच्या वेळी बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन परत येण्याएवढे. सिगिरियाचा सुळका, कँडीचे दंतमंदिर, अठराशे मीटरांहून उंच नुवारा एलियाचे चहामळे, शिवाय रामायणाच्या खुणा दाखवणारी वेगळी सहल. एवढे असूनही पहिल्या पसंतीत श्रीलंका क्वचित येते. कारण विचारले तर कुणी स्पष्ट सांगत नाही. आडून आडून कळते ते असे की फोटो केरळसारखे येतात. पाच दिवसांच्या परदेशाने परदेशासारखे दिसावे, ही अपेक्षा कुणी बोलून दाखवत नाही, पण तिच्यापुढे चांगले देश हरतात.

दिसण्याच्या परीक्षेत दुबई पहिली. २०१० मध्ये खुला झालेला ८२८ मीटरांचा बुर्ज खलिफा एका फोटोत मावत नाही, हेच त्याचे कौतुक. तीन-सव्वातीन तासांचे विमान, दीड तास मागे घड्याळ, आणि जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी भाऊ किंवा जावई तिकडे. दुबईला जाण्यात परकेपणाची भीती कमी असते, कारण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत हिंदी चालते. नातेही पूर्वीचे आहे: १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात भारतीय रुपयाच चालत होता, शेवटची काही वर्षे आखातासाठी वेगळ्या छापलेल्या नोटांच्या रूपात. आता दिरहम घ्यावे लागतात. दुबईविरुद्ध घरातल्या वाचणाऱ्या माणसाचा एकच आक्षेप असतो, की तिथे जुने काही नाही. त्याला गप्प करायला खाडीकाठच्या जुन्या वस्तीचे नाव पुढे केले जाते. मुलांना त्या वादात रस नसतो. त्यांना वाळवंटातली गाडी हवी असते, आणि बर्फही. बर्फ तिथे २००५ पासून मॉलमध्ये आहे.

थायलंडची गोष्ट नाजूक. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागल्यावर ते यादीत एकदम वर चढले. पुढच्याच महिन्यात मलेशियानेही दार उघडले. चार-साडेचार तासांत पोचता येते, खर्च आटोक्यात, समुद्र निळा. पण उपनगरांत बँकॉक आणि पट्टाया ही नावे आधी पोचली ती रंगाच्या, सिमेंटच्या आणि विम्याच्या कंपन्यांनी विक्रेत्यांना बक्षीस म्हणून दिलेल्या सहलींतून. ते पुरुषांचे घोळके होते, परत आल्यावर फार काही सांगत नसत, आणि त्यामुळेच सगळ्यांना सगळे कळले. त्या नावांवर आजही भुवई उंचावते. म्हणून कुटुंब निघाले की 'फुकेत-क्राबी' असे म्हटले जाते आणि बँकॉकचा उल्लेख विमान बदलण्यापुरता होतो. हा त्या शहरावर अन्यायच आहे. त्याच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, आत समुद्रमंथनाचे भले मोठे शिल्प. तिथून दीड-दोन तासांवर अयुत्थया, म्हणजे अयोध्येचे नाव घेतलेली जुनी राजधानी. राजे राम या नावाने मोजले जातात, आणि ललितकला विभागाच्या मुद्रेवर गणपती बसलेला. मराठी माणसाला ओळखीचे वाटावे असे इतके एका जागी थोडक्या देशांत असेल. पण समुद्रकिनाऱ्याच्या पॅकेजमध्ये अयुत्थयेला अर्धा दिवससुद्धा मिळत नाही.

सिंगापूरविषयी भांडण होत नाही. स्वच्छ, सुरक्षित, मुलांना आवडेल, आजी-आजोबांना झेपेल. दोष एकच, महाग. व्हिसाचे कागद अधिकृत एजंटामार्फत द्यावे लागतात, पाच-साडेपाच तास विमान, अडीच तास पुढे घड्याळ. सेरंगून रोडवर १९४७ पासूनचे कोमला विलास आहे, त्यामुळे डोशाची चिंता मिटते. ज्यांना एकमत होईपर्यंत थांबायचे नसते त्यांचे एकमत सिंगापूरवर होते. कुणाचेही ते पहिले प्रेम नसते आणि कुणाचाही त्याला नकार नसतो.

या सगळ्यांत ज्या देशाचे नाव आधी निघायला हवे ते शेवटी निघते किंवा निघतच नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मुंबईहून सहा तास, भारतीयांना व्हिसाची कटकट नाही. पण जाहिरातींनी मॉरिशस मधुचंद्राच्या रकान्यात टाकले आहे, आणि तिथे गेलेली नवी जोडपी हॉटेलाच्या किनाऱ्यावरून फारशी हलत नाहीत. रत्नागिरीचे आडनाव सांगणारी आजी तिथल्या एखाद्या गावात भेटेल, हे पॅकेजमध्ये लिहिलेले नसते.

देशांची चर्चा चालू असते तेव्हा खरा निर्णय स्वयंपाकघरात होत असतो. 'तिथे खायला काय मिळतं?' हा प्रश्न आईचा असतो आणि त्याचे उत्तर 'अगं, सगळं मिळतं' असे दिले की तो देश धोक्यात येतो, कारण सगळे मिळते म्हणजे नेमके काय मिळते याचीच तिला काळजी असते. थाई जेवणात भाजीच्या पदार्थातही बऱ्याचदा माशाचा सॉस असतो, हे कुणीतरी तिला आधीच सांगितलेले असते. मग थेपले, मेथकूट, भाकरवडी, तळलेल्या मिरच्या यांची यादी होते. दिवाळीत निघायचे तर फराळ आलाच, आणि इथे एक विचित्र अडचण येते: दुबई आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी खसखस नेण्यास बंदी आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून. म्हणजे अनारसे घरीच ठेवायचे, आणि लाडवाला खसखस लावली होती का हे आठवत विमानतळाच्या रांगेत उभे राहायचे.

उपास हा त्यातलाच उपविषय. सहलीत संकष्टी आली तर चंद्रोदय कुठला धरायचा? कालनिर्णयातल्या वेळा इकडच्या गावांच्या. बँकॉकला चंद्र मुंबईच्या आधी उगवतो, दुबईला नंतर. घड्याळाचे काटे काहीही दाखवोत, पोटाला फरक कळतो. एखाद्या मावशीने पूर्वेचा देश याच एका कारणासाठी निवडला असे ऐकू आले तर हसू येईल, पण यापेक्षा फार भक्कम कारणांनी इतर लोक निवड करतात असेही नाही.

वयस्क माणसे बरोबर असतील तर औषधांचा विचार लागतो. अमिरातीत वेदनाशामक आणि खोकल्याची काही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि काही पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. गुडघ्यांचा विचार त्याहून मोठा. जिना किती, चालणे किती, बस दारापर्यंत येते का. आणि एक प्रश्न, जो टूर कंपनीच्या ऑफिसात पुरुष विचारत नाहीत, बायका उठता उठता हळूच विचारतात: तिथे बाथरूममध्ये जेट असतो का? थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी असतो. युरोपात नसतो. युरोप पुढे ढकलण्याच्या कारणांत पैसा नेहमी सांगितला जातो. हे कारण कुणी सांगत नाही.

पैशाचा हिशेब जाहिरातीतल्या आकड्यापासून सुरू होतो आणि तो आकडा कुठेच थांबत नाही. त्यात विमान धरले आहे का, व्हिसा, विमा, टिप, दुपारचे जेवण? एकटी येणारी आत्या असेल तर खोलीचा जादा आकार. वर टीसीएस हा आगाऊ घेतला जाणारा कर, जो पुढे आयकर विवरणपत्रात वळता होतो हे सीए सांगतो, पण आज खिशातून जातो हे सगळ्यांना दिसते. खर्चायला डॉलर किती आणि कार्ड किती यावर वडील-मुलात मतभेद. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झाल्यावर मुलाच्या बाजूला जोर आला. वडील तरीही पट्ट्याच्या आतल्या कप्प्यात नोटा ठेवतात.

इतके झाल्यावर निर्णय कसा होतो हे सांगणे अवघड आहे. कागदावर जमेच्या-उण्या बाजू मांडून झालेल्या असतात, पण ठरते ते भलत्याच क्षणी. चुलत बहिणीचे फोटो येतात आणि तिने केलेले आपल्याला करायचे नाही, म्हणून एक देश कटतो. आजोबा अनेक दिवस गप्प असतात आणि एकदा म्हणतात, 'मला बर्फ बघायचा होता'. मग सगळ्यांना आठवते की मूळ स्वप्न स्वित्झर्लंड होते, यश चोप्रांच्या चित्रपटांनी दिलेले, आणि आपण इतके दिवस त्याच्या ऐवजी काय चालेल एवढेच शोधत होतो. पहिला परदेश असा वजाबाकीतून उरतो. ज्याला सर्वांत कमी हरकती आल्या तो. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मात्र कोणाची हरकत मोजली आणि कोणाची सोडून दिली, यावरून त्या घराविषयी बरेच कळते. गुडघे जिंकले की पोहण्याचा तलाव हरतो, फराळ जिंकला की फोटो. आणि 'मला काय, कुठेही चालेल' असे म्हणणारी व्यक्ती प्रत्येक घरात एक असते. तिला विचारायचे राहून जाते.

आगाऊ रक्कम भरली, ती परत मिळणार नाही असे लिहिलेल्या कागदावर सही झाली, की चर्चा संपायला हवी. संपत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत 'बाली का नाही केलंत?' एवढे विचारून होते, आणि ज्यांनी बाली केले त्यांना 'सिंगापूर केलं असतंत' असे ऐकावे लागते. विमाने बहुधा मध्यरात्रीनंतरची. बोरिवलीचे कुटुंब दोनच्या विमानासाठी संध्याकाळी सातलाच अस्वस्थ होते, हायवेच्या गर्दीला घाबरून आठला निघते, आणि तीन तास टर्मिनलच्या खुर्च्यांवर घरच्या पोळ्या खाते. घाटकोपरकर उशिरापर्यंत घरी टीव्ही बघतात. मुलुंडला आता वेगळाच विचार सुरू झाला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, आणि ऐरोलीच्या पुलावरून तो सहारपेक्षा सोयीचा पडेल की नाही यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत दोन तट आहेत. म्हणजे पुढच्या सुट्टीच्या यादीत कोणता देश या रकान्याआधी कोणता विमानतळ असा आणखी एक रकाना आला आहे, आणि तो भरल्याशिवाय तिथली मंडळी देशांवर बोलायला तयार नाहीत.